‘थोडा उजळ करून द्या हो!’

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या हिंगोलीत फोटो स्टुडिओवाल्यांची धांदल सुरू होते. बायोडाटा, पत्रिका आणि फोटो हा संच मोबाइलवरून सेनगाव, कळमनुरी, वसमत, परभणी करत थेट पुण्यापर्यंत पळायला लागतो. आणि स्टुडिओच्या काउंटरवर एकच वाक्य दिवसभर ऐकू येतं, ‘‘थोडा उजळ करून द्या हो!’’

मैत्रिणींनो, उजळ काय करायचं असतं? फोटो की मुलगी?

हा प्रश्न मला पडला तो माझ्या भाचीमुळे. नर्सिंग शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली पोर. रंगानं सावळी, नाक तरतरीत, डोळे अगदी माझ्या आईचे. वहिनीनं एका स्टुडिओत तिचा फोटो काढून घेतला. हातात आला तेव्हा मी बघतच राहिले. चेहरा गोरापान, पण मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा! नाकाच्या कडेची सावली पुसलेली, हनुवटी कुठं संपते आणि मान कुठं सुरू होते ते कळेना. कानातल्या झुब्यांचं सोनंसुद्धा फिकं पडलेलं. मी वहिनीला तसं म्हटलंही. पण फोटो तोवर चार ठिकाणी गेलेला होता.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या मावशीनं एकदा मोबाइलकडं बघितलं, एकदा पोरीकडं. म्हणाली, ‘‘फोटोत येगळीच दिसायलीय की.’’ बस्स, एवढंच. पुढं निरोप आला नाही. संध्याकाळी पोह्याच्या बशा विसळता विसळता भाची मला म्हणाली, ‘‘आत्या, ते नाही म्हणले ते मला, का फोटोतल्या त्या पोरीला?’’

मला उत्तर देता आलं नाही. पण डोक्यात भुंगा बसला. म्हटलं, हे उजळ करणं म्हणजे असतं तरी काय, ते एकदा नीट समजून घेऊ.

आमच्या ओळखीच्या दुसऱ्या एका स्टुडिओत सेनगाव तालुक्यातल्या खेड्यातली एक मुलगी एडिटिंग करते. एमएस-सीआयटी केलं, मग मोबाइलवर बघून बघून बाकीचं शिकली. लग्नाचे अल्बम तर करतेच, शिवाय मंडपवाल्यांना थ्रीडी डिझाइनं करून देते. स्टेज कसं दिसेल, पडदे कुठले, झुंबर कुठं, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं. ‘ब्लेंडर’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. मी चार-पाच संध्याकाळी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

पहिल्याच दिवशी तिनं पडद्यावर एक साधा गोळा काढला. म्हणाली, ‘‘काकू, थ्रीडीत सगळा खेळ दोनच डब्यांचा. एक डबा लाइटचा, एक मटेरियलचा.’’ लाइटच्या डब्यात दिवा किती मोठा, कुठल्या बाजूला, किती पिवळा. मटेरियलच्या डब्यात वस्तू कशाची आहे ते. तिनं दिवा न हलवता नुसती ‘रफनेस’ची कळ कमी केली, तर मातीच्या गोळ्याचा काचेची गोटी वाटावी असा चकचकीत गोळा झाला. रंग तोच! मग तिनं कळ होती तशी ठेवली आणि दिवा बाजूला नेला. गोळा तोच, पण आता अर्धा उजेडात, अर्धा अंधारात.

हे रफनेसचं प्रकरण आपल्या भागातल्या बाईला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. हळद शिजवून वाळवली की कशी दिसते? खरबरीत, मळकट. तीच पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवली की वरची साल घासून निघते आणि हळकुंड तकतकायला लागतं. आतली हळद तीच असते. खरबरीत पृष्ठभागावर पडलेला उजेड दाही दिशांना विखुरतो, गुळगुळीत पृष्ठभागावरचा बराचसा एकाच बाजूला परततो, त्याला आपण चकाकी म्हणतो. मोंढ्यात भाव त्या चकाकीलाही असतो. मात्र कुणी वरून रंग चढवला तर ती भेसळ. पॉलिश आणि भेसळ यातला फरक आपल्याला हळदीत बरोबर कळतो, मुलीच्या फोटोत कळत नाही, याचं मला नवल वाटतं.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरला उजेड-सावली शिकवण्याच्या या गोष्टीत बायका सुरुवातीपासून आहेत, पण बऱ्याचदा नवऱ्यांच्या मागं. अमेरिकेत युटा विद्यापीठात आंरी गुरो नावाचा फ्रेंच विद्यार्थी होता. कॉम्प्युटरवर चेहरा गुळगुळीत, उतरत्या छायेसकट कसा दाखवायचा यावर त्याचं काम चाललं होतं. त्यानं बायकोच्या, सिल्व्हीच्या चेहऱ्यावर चक्क रेघा आखून चौकटी पाडल्या, फोटो काढले, मोजमापं घेतली. १९७१ मध्ये पडद्यावर छायाप्रकाशासह उमटलेला तो चेहरा आजही या विषयाच्या इतिहासात दाखवतात. त्याच विद्यापीठात मार्टिन नेवेल याला प्रयोगासाठी एखादी वस्तू हवी होती. चहा घेता घेता त्याची बायको सँड्रा म्हणाली, ही आपली किटलीच घे की! पांढरी, पोटाची गोल, चोचीची वाकडी, दांडीची सावली स्वतःच्याच अंगावर पडणारी. १९७५ पासून जगभरच्या लोकांनी नवा दिवा, नवं मटेरियल त्या किटलीवर करून बघितलं. मूळ किटली कॅलिफोर्नियातल्या संगणक-संग्रहालयात जपून ठेवली आहे. आपल्या मांडणीतल्या किटलीला असा मान कोण देणार!

पण किटली जमली म्हणून माणूस जमत नाही. सुरुवातीची कॉम्प्युटरची माणसं प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखी दिसायची. कारण त्वचा म्हणजे नुसता वरचा रंग नव्हे. उजेड थोडा आत शिरतो, आत इकडंतिकडं फिरतो आणि दुसऱ्याच जागेतून बाहेर येतो. अंधारात बॅटरीवर बोटं धरून बघा, कडा लाल दिसतात, तेच हे. दुधाचंही तसंच. सायीच्या दुधाला जो भरीव पांढरेपणा असतो तो साय काढलेल्या दुधाला येत नाही, ते निळसर, पातळ दिसतं, कारण उजेड आत वेगळ्या रीतीनं विखुरतो. २००१ मध्ये हेन्रिक यान्सन आणि त्याच्या सोबत्यांनी याचं सोपं गणित मांडलं. त्यांच्या मोजमापांच्या तक्त्यात काय काय असावं? बटाटा, सफरचंद, केचप, क्रीम, साय काढलेलं दूध, सायीचं दूध, संगमरवर आणि माणसाची त्वचा! अर्धा तक्ता आपल्या ओट्यावरचा. या कामासाठी २००४ मध्ये त्यांच्यापैकी तिघांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

आपल्या एका मराठी चित्रकारानं मात्र हे गणिताशिवायच साधलं होतं. सावळाराम हळदणकर, सावंतवाडीकडचे. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला, आणि त्या आडोशाच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. हा उजेड बोटांवर पडलेला नाही, बोटांच्या आतून आलेला आहे. पुष्कळ लोक ते चित्र राजा रविवर्म्यांचं समजतात. चित्रासाठी उभी होती ती चित्रकाराची लेक, गीता. पुढं त्या गीताबाई उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. आपण कॅलेंडरवर हे चित्र किती वेळा बघितलं असेल, पण ती बाई गोरी का सावळी असा विचार कुणाच्या मनात येतो का? तिथं सगळा मान त्या उजेडाचा.

आता आपल्या मूळ दुखण्याकडं येते. हे त्वचेचं गणित गोऱ्या कातडीला फार छान लागू पडतं. सावळ्या त्वचेत वरच्या थरातलं मेलॅनिन पुष्कळ उजेड शोषून घेतं, त्यामुळं आतून परतणारा उजेड कमी आणि वरची चकाकी महत्त्वाची. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले थिओडोर किम हे स्वतः या क्षेत्रातले जाणकार. त्यांनी २०२० मध्ये लिहिलं की, शोधनिबंधांतून ‘मानवी त्वचा’ म्हणून जे मिरवलं जातं ते मुख्यतः गोऱ्या माणसाच्या त्वचेचं वर्णन असतं. ही खोड जुनीच. रोलच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबना एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो पाठवायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर. काळ्या-सावळ्या लोकांचे चेहरे डागासारखे यायचे. त्याची दखल घ्यायला कंपनीला उशीर लागला आणि जोर लावला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी. आमचे तपकिरी रंग नीट का येत नाहीत, म्हणून! माणसांच्या आधी टेबल-खुर्च्यांचा नंबर लागला.

आणि आपण? इथून जवळच नर्सीला संत नामदेवांचं गाव. सावळ्या विठूची आळवणी आपल्या घरोघर. त्याच घरातून, ‘जरा उजळ करून द्या!’

मी त्या मुलीला भाचीचा तो बिघडलेला फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून बघितला आणि हळूच ‘च्‌’ केलं. म्हणाली, ‘‘काकू, थ्रीडीत दोन डबे वेगळे असतेत. फोटोत दोन्ही कालवून गेलेले असतेत.’’ वरण-भातासारखे. गालावरचा एखादा भाग गडद आहे तो सावलीमुळं की रंगामुळं, हे फोटोला माहीत नसतं. गोरं करायची कळ ओढली की ती गडद दिसेल त्या सगळ्याला डाग समजून पुसत सुटते. रंग जातो, त्यासोबत नाकाची धार जाते, गालाचं हाड जातं, ओठाखालची खळगी जाते. म्हणजे जे नाक-डोळे बघून आपण माणूस ओळखतो तेच जातं. औंढा नागनाथाला भर दुपारी गेलात तर देवळाच्या काळ्या भिंतीवरची शिल्पं सपाट दिसतात, आणि सकाळी किंवा दिवस कलल्यावर तिरपा उजेड आला की त्याच मूर्ती जशा काही भिंतीतून बाहेर येतात. दगड काही गोरा होत नाही.

‘‘मग तू काय करतेस?’’ मी विचारलं.

‘‘मी लाइटच्या डब्यात हात घालते. मटेरियलचा डबा बंद.’’

म्हणजे असं, की ती चेहऱ्यामागची भिंत थोडी गडद करते, आपोआप चेहरा उठून दिसतो. डोळ्यांखालची सावली अर्धीच उचलते, पूर्ण नाही. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर असलेली चकाकी किंचित वाढवते. साडीचा रंग हनुवटीवर चढलेला असेल तर तेवढा उतरवते. पोपटी साडी असली की मानेखाली हिरवट झाक येते, बघा कधी. (एका रंगीत भिंतीची झाक शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर कशी चढते हे कॉम्प्युटरला शिकवणाऱ्या १९८४ च्या निबंधात पहिलं नाव एका बाईचं आहे, सिंडी गोरल.) साडीचं सूतही ती जपते. धूपछाँव रेशमात ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग हलतो. ‘‘चेहरा गोरा करताना लोक साडी पन धुऊन काढतेत,’’ ती म्हणाली. पैठणीची जर करडी झालेले अल्बम मीही बघितले आहेत.

हीसुद्धा लबाडीच की, असं कुणी म्हणेल. असेल! पण मोठमोठ्या कार्टून सिनेमातही अशा लबाडीवरच काम चालतं. तिथं फक्त एकाच पात्रावर पडेल, बाकी कुणावर पडणार नाही असा दिवा लावता येतो, सावली न पाडणारा दिवा लावता येतो. ‘फाइंडिंग निमो’ आणि ‘रॅटाटूई’ या सिनेमांची प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या शॅरन कॅलहान या चित्रकारही आहेत, उघड्यावर बसून निसर्गचित्रं रंगवतात. उजेडाची लबाडी ही कलाच आहे, माझं तरी तसंच मत. आपल्या आयासुद्धा कंदील कुठल्या कोनाड्यात ठेवायचा हे बघूनच ठेवायच्या. मुलगी बदलून ठेवणं मात्र कलेत बसत नाही.

भाचीचा फोटो नव्यानं काढायचं ठरलं. तेव्हा मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. दादासाहेबांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणला तेव्हा चित्रीकरणात त्या भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, सूर्याचा उजेड नटांच्या तोंडावर वळवायला. आम्हीही तेच केलं. सकाळी नऊच्या सुमाराला पुढच्या दारात, उंबऱ्याच्या हातभर आत खुर्ची ठेवली. ऊन थेट अंगावर नाही, पण दाराएवढा मोठा उजेड एका बाजूनं. दुसऱ्या बाजूला वहिनी पांढरी चादर धरून. वरची ट्यूबलाइट बंद, फ्लॅश बंद, आणि मोबाइलमध्ये ते ‘ब्यूटी’ नावाचं जे काही असतं ते आधी शून्यावर. (हे घरी नक्की करून बघा. पुष्कळ फोनांत ते आपण न सांगताच चालू असतं.) चेहऱ्याला पावडर नाही. सावळ्या त्वचेवर पावडरीनं राखेसारखा थर दिसतो, त्यापेक्षा हातावर घ्यावं तेवढंच क्रीम गालाला लावलं तर उजेड छान सरकतो. मग बाकीचं त्या मुलीनं अर्ध्या तासात केलं.

फोटो बघून वहिनी गप्प झाली. नंतर म्हणाली, ‘‘सावळीच आहे की, पण किती गोड आलीय.’’ त्यातला ‘पण’ मला खटकला. म्हटलं, जाऊ दे, आज एवढं पुरे. भाचीनं तो फोटो आपल्या हातानं बायोडाट्याला जोडला. लग्न अजून ठरायचंय. एका ठिकाणाहून रंगामुळं स्पष्ट नकारही आला, तर ती म्हणाली, ‘‘बरं झालं, पोहे वाचले.’’

त्या स्टुडिओतल्या मुलीची अडचण वेगळी. ती म्हणते, ‘‘काकू, मी नाही म्हणलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय. मालक मला ठेवतील का?’’ खरंच आहे. तिच्या पगारावर घरात धाकट्या भावाचं शिक्षण चालतं. तिला उपदेश करायचा अधिकार मला नाही. २०२० मध्ये देशभर बोलबाला झाला, क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं, लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं रंगावरून निवडायची सोय काढून टाकली. काउंटरवरचं वाक्य मात्र तेच राहिलं. म्हणून तिनं एक युक्ती काढली आहे. गिऱ्हाइकासमोर दोन फोटो ठेवायचे, एक गोरा केलेला, एक नुसता उजेड दुरुस्त केलेला, आणि विचारायचं, ‘‘यातली तुमची पोरगी कोणती?’’ तिचं निरीक्षण असं की, आया पहिल्याकडं बोट दाखवतात आणि आज्ज्या दुसऱ्याकडं. बाप बहुतेक वेळा मोबाइलवर असतात.

काउंटरवर आपल्याला सांगायचं झालं तर एवढं सांगता येतं, ‘‘चेहऱ्यावर उजेड वाढवा, रंगाला हात लावू नका.’’ एडिटिंग करणाऱ्याला ते बरोबर समजतं.

मी शेवटची गेले तेव्हा ती वसमतकडच्या एका लग्नाचे हळदीचे फोटो करत होती. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिथल्या लग्नातली हळद काय विचारता! नवरी, करवल्या, पाट, भिंत, सगळं पिवळंधमक. असे फोटो सगळ्यात अवघड, ती म्हणाली. तिनं मला दाखवायला म्हणून ‘ऑटो’ची कळ दाबली. क्षणात हळद फिकी पडली आणि नवरी राखाडी-निळसर दिसायला लागली, आजारी असल्यासारखी. फोटोत एखादा रंग फार झाला की यंत्र त्याला चूक समजतं आणि उलट्या रंगाकडं ओढतं.

‘‘याला काय माहीत हळद काय असती ते,’’ असं पुटपुटत तिनं ते पुसलं. मग फोटोत खरोखरीचं पांढरं काय आहे ते शोधायला लागली. तांदळाच्या ताटात हळद सांडलेली, रुमाल पिवळा. शेवटी मागं उभ्या असलेल्या मामाची टोपी सापडली. तिच्या कोऱ्या भागावर तिनं कर्सर टेकवला, आणि हळद हळदीच्या जागी आली, नवरी नवरीच्या रंगात. टोपीच्या काठावर कुणाची तरी हळदीची चार बोटं उमटलेली होती. ती पुसू का, असं तिनं मला विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच ‘राहू दे’ म्हणून पुढचा फोटो उघडला.